पहिल्यांदाच लांब पल्ल्याच्या पायवाटेवर निघताना

एम्मा गेटवुड नावाच्या अमेरिकन आजीबाई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ॲपलाचियन ट्रेल एकट्यानं चालून गेल्या. ही वाट आज सुमारे ३,५०० किलोमीटर भरते. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘बघा, जिद्द असली की झालं’ म्हणून मोकळे होतात. मला आदल्या वर्षाची हकिगत जास्त कामाची वाटते. १९५४ मध्ये त्या याच वाटेच्या उत्तर टोकाकडून, मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतापासून निघाल्या होत्या. थोड्याच दिवसांत वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि तिथल्या वनरक्षकांनी त्यांना घरी परतायला सांगितलं. जिद्द तेव्हाही होतीच की!

नवीन मंडळी मला विचारतात ते बूट कुठले घेऊ, सॅक किती लिटरची, काठ्या लागतात का. ‘चालताना मी नकाशावर नेमका कुठे आहे हे मला कसं कळणार?’ असं आजवर फार तर दोघातिघांनी विचारलं असेल. म्हणून इथे सामानाला थोडी जागा आणि वाटेला जास्त.

आधी वाट ठरवा, मग दिवस मोजा

पहिल्या खेपेला चार ते सहा दिवसांची, खुणा केलेली वाट घ्या. मोठ्या वाटेचा एखादा तुकडाही चालेल. हजारो किलोमीटरच्या वाटा बरेच लोक तुकड्यातुकड्यानंच चालतात, त्यात कमीपणा काही नाही. वाट नक्की करण्यापूर्वी चार गोष्टी शोधून काढा: ती कोणत्या महिन्यांत चालण्याजोगी असते, परवानगी किंवा मुक्कामाचं आरक्षण लागतं का, दोन पाणवठ्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर आहे, आणि मध्येच सोडायची वेळ आली तर कुठून बाहेर पडता येतं. या चौथ्या गोष्टीकडे सहसा कुणी बघत नाही. रोजच्या टप्प्यावर ‘इथून उतरलं की गाडीरस्ता’ अशी निदान एक वाट नकाशावर आखून ठेवा.

आता रोजचं अंतर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक सोपा हिशेब दिला. तो आजच्या मापात साधारण असा होतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १८ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढाचा दिवस घ्या. अंतराचे ३ तास ३६ मिनिटं, चढाचा दीड तास, मिळून ५ तास ६ मिनिटं. पण हा हिशेब तयारीच्या माणसाचा आहे, आणि त्यात बसणं, खाणं, फोटो काढणं काहीच धरलेलं नाही. पाठीवर ओझं असलेल्या नवख्यानं आलेल्या आकड्याची दीडपट करावी, म्हणजे साधारण ७ तास ४० मिनिटं. त्यात तासभर विश्रांती घाला. सकाळी सातला निघालात तर पोचेपर्यंत पावणेचार वाजतील. अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामावर, हा माझा नियम. हिशेब बसत नसेल तर टप्पा लहान करा. ‘त्या दिवशी पहाटे लवकर निघू’ असं स्वतःला सांगू नका. पहिल्या दिवशी उठाल पहाटे, चौथ्या दिवशी नाही.

पहिले तीन दिवस मुद्दाम छोटे ठेवा. दम आणि स्नायू लवकर सरावतात, पण गुडघे, घोटे आणि टाचेमागची कंडरा यांना जास्त वेळ लागतो. चौथ्या दिवशी ‘आज अंगात जोर आहे’ म्हणून दुप्पट चालणारे पाचव्या दिवशी लंगडताना दिसतात.

सरावाला आठ-दहा आठवडे द्या. रोज चालणं, आठवड्यातून दोनदा जिने, आणि हळूहळू पाठीवर वजन वाढवत नेणं. एवढं सगळेच सांगतात. मी त्यात एकच भर घालीन: निघायच्या आधी निदान दोनदा, लागोपाठ दोन दिवस, भरलेली सॅक घेऊन चाला. एका दिवसाचं चालणं कसंही रेटून नेता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मांड्या भरून आलेल्या असताना, त्याच बुटांत पाय घालताना काय वाटतं ते बघा.

खुणा वाचायला शिका

प्रत्येक मोठ्या वाटेची स्वतःची भाषा असते. ॲपलाचियन ट्रेलवर झाडांच्या खोडांवर पांढरे उभे पट्टे असतात, सुमारे ५ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच. एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण किंवा फाटा आहे, लक्ष ठेवा. निळा पट्टा म्हणजे बाजूला जाणारी वाट, बहुतेकदा पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा आणि लाल असे दोन आडवे पट्टे असतात, आणि त्याच रंगांची फुली दिसली तर ‘इकडून नाही’. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावर पिवळे बाण. निघण्यापूर्वी आपल्या वाटेची ही बाराखडी पाठ करा, विशेषतः ‘वळा’ आणि ‘इकडे नाही’ या दोन खुणा.

खुणा एरवी किती किती वेळानं दिसतात याचा पहिल्या तासातच अंदाज घ्या. त्याच्या दुप्पट वेळ गेला आणि खूण दिसली नाही, तर थांबा आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. दहा मिनिटं वाया जातील, जाऊ द्यात. मागे वळून बघायचीही सवय लावा. उलट दिशेनं येणाऱ्यांसाठी काढलेली खूण झाडाच्या पाठीवर दिसली, तरी आपण वाटेवर आहोत हे कळतं.

दगडावर दगड रचलेल्या खुणांवर मात्र आंधळा विश्वास नको. काही वाटाड्यांनी रचलेल्या असतात, तर काही जेवण झाल्यावर हात शिवशिवणाऱ्या पर्यटकांनी.

रुंद वाट दिसली की ती खरी वाटते. एकदा मी सव्वा तास एका झकास रुंद वाटेनं गेले. पुढे दोघेजण चालत होते, त्यांच्या पाठीकडे बघत मी निर्धास्त. वाट एका मोकळ्या जागेत संपली. तिथे तोडलेले ओंडके रचून ठेवले होते आणि ते दोघं माझ्याकडे वळून विचारत होते, ‘तुम्हाला माहितीये ना रस्ता?’ लाकडं ओढून नेण्याची ती वाट होती. आमची पायवाट त्याआधीच झुडपांतून डावीकडे गेली होती, दोन ठळक पट्ट्यांसह. आम्ही तिघंही तेव्हा बोलण्यात रंगलो होतो.

नकाशा हातात, सॅकमध्ये नाही

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, १:२५,००० वर ४ सेंटीमीटर. पायी चालणाऱ्याला दुसरा जास्त सोयीचा, कारण लहान ओढे आणि फाटे त्यावर दिसतात. पण नकाशाचा खरा जीव असतो कंटूर रेषांत. समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या या रेषा दाटीवाटीनं असतील तर खडा चढ, विरळ असतील तर पठार किंवा सौम्य उतार.

त्या वाचायला शिकण्याचा एक घरगुती उपाय. मूठ वळा आणि पेननं बोटांच्या पेरांभोवती गोल रेघा काढा, एकाखाली एक, खाली मनगटाकडे आणि बोटांकडे उतरत. आता मूठ उघडून पंजा टेबलावर सपाट ठेवा. तो झाला नकाशा. पेरांवरची छोटी वर्तुळं म्हणजे शिखरं, दोन पेरांमधली बसकी जागा म्हणजे खिंड. रेघा जिथे उताराच्या दिशेनं पुढे आल्यात ती सोंड, आणि जिथे उंचीकडे आत शिरल्यात ती घळ. पुन्हा मूठ वळा, डोंगर परत उभा राहतो. चारदा उघडझाप केलीत की कागदावरच्या रेघा आपोआप उंच-सखल दिसू लागतात.

रात्री मुक्कामावर दुसऱ्या दिवसाचा टप्पा बोट फिरवून ‘चालून’ काढा आणि वाटेत काय काय लागणार ते क्रमानं लिहा: ओढा, मग चढ, सोंडेवर डावं वळण, मग लांब आडवी वाट, मग खिंड. प्रत्येकापुढे अंदाजे वेळ. चालताना यातली एकेक गोष्ट आली की टिक करा. ओढा पाऊण तासात यायला हवा होता आणि सव्वा तास झाला तरी नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे. हे सव्वा तासानं कळलेलं परवडतं, संध्याकाळी कळलेलं नाही.

यादीत आणखी दोन गोष्टी टिपा. एक, सोबत चालणारी खूण: ‘या टप्प्यात नदी कायम उजव्या हाताला’. दुसरी, पुढे गेल्याची खूण: ‘विजेची तार ओलांडली तर फाटा मागे राहिला’. नवखे लोक पहिली कधीमधी लिहितात, दुसरी जवळपास कधीच नाही. खरं तर दुसरीच तुम्हाला परत फिरवते.

नकाशाची घडी अशी घाला की फक्त आजचा टप्पा वर राहील. अंगठा आपण आहोत तिथे ठेवा आणि प्रत्येक फाट्यावर तो पुढे सरकवा. नकाशा चालण्याच्या दिशेनं फिरवून धरा, अक्षरं उलटी दिसली तर दिसू देत.

कंपास आणि मोबाइल

कंपासची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, नकाशा भौगोलिक. दोन्हींतला फरक जगात कुठे नगण्य असतो तर कुठे दहा-पंधरा अंशांच्याही वर. तो नकाशाच्या कडेला छापलेला असतो. मात्र दर वर्षी थोडा बदलतो, म्हणून जुन्या नकाशावर विसंबू नका. एका अंशाची चूक किलोमीटरमागे सुमारे १७ मीटर बाजूला नेते, दहा अंशांची १७५ मीटर. धुक्यात एवढ्यानं अख्खी खिंड हुकते.

वाट नसलेल्या मोकळ्या माळावरून नदीवरचा पूल गाठायचा असेल तर थेट पुलावर नेम धरू नका. मुद्दाम थोडा डावीकडे धरा. नदी लागली की पूल उजवीकडे आहे हे पक्कं माहीत असतं. सरळ पुलाकडे निघालात आणि तो दिसला नाही, तर कुठल्या बाजूला वळायचं?

मोबाइलला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, कारण ते थेट उपग्रहांकडून येतं. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवून घ्यायला. ते घरीच करा, आणि घरीच फोन फ्लाइट मोडवर टाकून नकाशा खरोखर उघडतो का, मोठा करून बघता येतो का ते तपासा. बरेच जण ‘डाउनलोड केलंय’ म्हणतात आणि डोंगरात त्यांच्या पडद्यावर राखाडी चौकोन दिसतात. दुसऱ्यानं दिलेली जीपीएक्स फाइल (वाटेची रेघ साठवलेली फाइल) घेतलीत तर ती कंटूर नकाशावर टाकून पाहा. काही लोक घरी बसून माऊसनं रेघ ओढतात, आणि ती रेघ कड्यावरून सरळ खाली जाते.

थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून रात्री फोन आणि पॉवर बँक झोपायच्या पिशवीत घ्या. पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. आणि फोन व कंपास एकाच खिशात नकोत. लोहचुंबकाच्या झाकणाचं कव्हर असेल तर सुई कायमची बिघडू शकते.

वाट चुकलीच तर

शंका आली त्या क्षणी पाय थांबवा. ‘अजून थोडं पुढे बघू’ हे वाक्य तोंडात येईल, ते गिळा. सॅक उतरवा, पाणी प्या, काहीतरी खा. मग घड्याळ बघा: आपण नक्की कुठे आहोत हे शेवटचं किती वाजता माहीत होतं? तिथून आतापर्यंत किती चाललो? नकाशावर तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मनात काढा, तुम्ही त्याच्या आतच आहात. आल्या पावली शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत जाता येत असेल तर जा.

ओढ्याच्या काठानं उतरत राहिलं की वस्ती लागते, हा सल्ला विसरा. डोंगरातला ओढा बरेचदा धबधब्यावर नेऊन सोडतो, खाली जाता येत नाही आणि वर चढता येत नाही. अंधार पडला असेल तर आहात तिथेच आडोसा शोधून, सगळे कपडे अंगावर चढवून बसा.

शिट्टी सॅकच्या छातीपट्ट्यालाच अडकवलेली असावी. आल्प्समधल्या संकटाच्या इशाऱ्यात मिनिटात सहा वेळा वाजवतात, मग मिनिटभर थांबून पुन्हा. मिनिटाला तीन असं उत्तर आलं की ऐकू गेलं समजा. निर्जन भागात जाणार असाल तर ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवणारा आपत्कालीन बीकन किंवा उपग्रह मेसेंजर भाड्यानं तरी घ्या. बीकन नोंदणी करूनच न्यायचा, आणि आपण जाणार त्या देशात असं यंत्र बाळगायला परवानगी लागते का ते आधी बघायचं.

एक बारीकशी गोष्ट: शौचाला वाटेपासून बाजूला जाताना सॅक वाटेच्या कडेला दिसेल अशी ठेवा, पण फोन, कंपास आणि शिट्टी बरोबर घ्या. दाट झाडीत पन्नास पावलांवरून वाट दिसेनाशी होते. खड्डा १५ ते २० सेंटीमीटर खोल, आणि पाण्यापासून निदान ६० मीटर लांब.

पाय

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, चालायचे मोजे घालूनच घ्या. पुढे बोटभर जागा हवी, नाहीतर लांब उतारावर अंगठ्याची नखं काळी पडतात. नवे बूट घालून मोहिमेवर निघणं म्हणजे भांडण विकत घेणं.

फोड अचानक येत नाही. आधी त्या जागी थोडं चुरचुरतं, गरम वाटतं. पायऱ्यांच्या दगडी वाटेवर माझी डावी टाच अशीच चुरचुरायला लागली. पुढच्या थांब्याला बघू म्हटलं. थांबा चाळीस मिनिटांवर होता. मोजा काढला तेव्हा रुपयाएवढी कातडी मोज्याबरोबर आली, आणि नंतरचे दोन दिवस मी चवड्यांवर चालले. चुरचुरलं की तिथल्या तिथे बसा, पाय कोरडा करा, चिकटपट्टी लावा, बूट पुन्हा बांधा. सोबतचे कुरकुरले तर कुरकुरू देत. दुपारच्या विश्रांतीला मोजे बदला, ओले सॅकवर वाळत घाला. रात्रीचा एक कोरडा जोड मात्र चालायला कधीच वापरायचा नाही.

सॅक, पाणी आणि थंडी

एकूण ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, असा ढोबळ अंदाज धरतात. ६५ किलोच्या माणसाला १३ किलो, पाणी आणि खाणं धरून. मला तेही जास्त वाटतं. सरावाच्या दोन दिवसांनंतर सॅक रिकामी करा आणि हात न लागलेलं सगळं बाजूला काढा. रेनकोट, प्रथमोपचार, हेडटॉर्च आणि उबदार थर एवढंच परत ठेवा.

ओढ्याचं पाणी कितीही निवळशंख दिसलं तरी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. खळखळून एक मिनिट उकळा, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. हातात मावणारे बहुतेक फिल्टर जिवाणू अडवतात पण विषाणू नाही, त्यामुळे वस्तीच्या खालच्या बाजूचं पाणी असेल तर उकळणं बरं. आणि वापरलेला फिल्टर रात्री गोठला तर आतून तडकतो. बाहेरून काही दिसत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. घाम खूप गेला असताना नुसतं पाणी ढोसत राहिल्यानंही रक्तातलं मीठ घटून माणूस भोवंडतो, म्हणून क्षार बरोबर ठेवा. खाण्याचं एकच सांगते: भूक लागायची वाट न बघता दर दीड-दोन तासांनी थोडं खा.

उंची दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअस उतरवते, आणि ओले कपडे नि वारा मिळून शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानातही माणसाला गारठवतात. सुती बनियन घाम धरून बसतं, ते घरी ठेवा. सोबत्याची जीभ जड झाली, बटण लावता येईना, तो उगाच चिडचिड करू लागला, की हवा पुढे कशी होईल यावर चर्चा न करता आडोसा, कोरडे कपडे, गोड गरम पेय.

घरी ठेवायचा कागद

एका कागदावर लिहा: रोजचा टप्पा आणि मुक्काम, मध्येच बाहेर पडायच्या वाटा, अंगावरच्या जॅकेटचा आणि तंबूचा रंग, सोबत्यांची नावं, त्या भागातल्या बचाव पथकाचा नंबर. आणि सगळ्यात खाली, ‘अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर या नंबरावर कळवायचं’. ही वेळ पोचायच्या अंदाजापेक्षा चार-पाच तास पुढची ठेवा, म्हणजे थोड्या उशिरानं घरी रडारड होणार नाही. कागद अशा माणसाकडे द्या जो घाबरत नाही आणि विसरतही नाही.

पोचल्यावर त्याला फोन करा, आंघोळीच्या आधी. एकदा मी मुक्कामावर पोचून गरम पाण्यानं न्हाऊन, जेवून गाढ झोपले. बहिणीकडे कागद होता, त्यावर रात्री दहाची वेळ. पावणेदहाला लॉजवाल्यानं दार ठोठावलं. बहिणीनं वाटेच्या शेवटच्या गावातली मुक्कामाची सगळी ठिकाणं एकेक करून फोनवर गाठली होती, आणि मी सापडले नसते तर तिचा पुढचा फोन बचाव पथकाला जाणार होता.